मॅनेज्ड होस्टिंग घ्यायच्या आधी एवढं बघ भो

भो, तू रावेरच्या केळी व्यापाऱ्याची साइट करतोय ना, मग सर्व्हर मुंबई-पुण्याच्या रीजनमधेच (म्हणजे तिथल्या डेटा सेंटरमधे) घे, एडब्ल्यूएसचं (अ‍ॅमेझॉनचं क्लाउड) मुंबई रीजन 2016 पासून आहे, अझ्युरचं (मायक्रोसॉफ्टचं क्लाउड) तर पुण्यातच, उगाच स्वस्त दिसतं म्हणून अमेरिकेतलं घेशील तर पेज उघडेपर्यंत गिऱ्हाईक पळून जाईल.

साध्या क्लाउडमधे नुसतं मशीन भाड्याने मिळतं, लिनक्सचे अपडेट, फायरवॉल, बॅकअप सगळी कटकट तुझीच. मॅनेज्ड होस्टिंगवाला ते तुझ्यासाठी करतो पण तुझ्या कोडमधला घोळ निस्तरत नाही, म्हणून काय करणार काय नाही ते आधी लेखी घे. आणि 99.9 टक्के अपटाइम (साइट चालू राहण्याची हमी) ऐकून हुरळून जाऊ नको, त्यातही महिन्याला 43 मिनिटं साइट बंद राहू शकते, भरपाई काय तर बहुतेक वेळा पुढच्या बिलात थोडं क्रेडिट, भर सीझनमधे ऑर्डर गेली ती गेलीच.

बॅकअप आहे असं तर सगळेच सांगतात. "रिस्टोर करून दाखवा", म्हणजे त्या बॅकअपमधून साइट परत उभी करून दाखवा म्हण, मग बघ कोण किती टाळाटाळ करतं ते.

बिलाचं सांगतो, सर्व्हर स्टॉप केला तरी डिस्कचे पैसे चालूच राहतात, बाहेर जाणाऱ्या डेटाचे वेगळे, वरून 18 टक्के जीएसटी. बजेट अलर्ट (खर्च ठरवलेल्या आकड्याला पोचला की कळवणारा) पहिल्याच दिवशी लाव, पण तो नुसता मेल टाकतो हां, सर्व्हर बंद करत नाही.

डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, मात्र व्यापाऱ्याच्याच नावावर घे, तुझ्या नको.