पंचाला विचारा: पिचर थांबला की नाही?

प्रश्न (खानापूरहून एक क्रीडाशिक्षिका): सर, आमच्या शाळेच्या बेसबॉल मॅचमध्ये फर्स्ट बेसवर रनर होता. आमच्या पिचरने (बॅटरकडे चेंडू टाकणाऱ्याने) चेंडू पोटापाशी आणला आणि लगेच पिच टाकला. पंच कन्नडमध्ये ‘निंतिल्ल’ (थांबला नाही) म्हणाले, बॉक (पिचरचा नियमभंग, त्यात रनरला एक बेस पुढे) दिला, रनर सेकंडला गेला. पोरगा शपथेवर सांगतो, थांबलो होतो. किती सेकंद थांबायचं ते नियमात का नाही?

उत्तर: ताई, ‘लगेच’ असं तुम्हीच लिहिलंय, मग मी पंचांना काय बोलू?

सेट पोझिशनमध्ये, म्हणजे पिच टाकण्याआधीच्या उभं राहण्यात, दोन्ही हातांत चेंडू धरून पूर्ण थांबायचं, एवढंच नियम म्हणतो. सेकंद नाहीत तेच बरं. १९८८ साली अमेरिकेच्या मेजर लीगने हे वाक्य घट्ट करून बघितलं: दोन्ही पाय जमिनीवर, एकदाच, पूर्ण आणि स्पष्ट दिसेल असं थांबायचं. त्या हंगामात नऊशेवर बॉक पडले. आदल्या वर्षी चारशेही नव्हते. पिचर काय एका वर्षात बिघडले होते? पुढच्या हंगामाला ते जादा शब्द काढून टाकले.

नियमाखालची टीप पंचाला सांगते की, रनरला मुद्दाम फसवू नये म्हणून बॉक आहे. शंका आली तर पिचरचा हेतू बघा. हे मला पटतं. खरं, हेतू सगळीकडे चालत नाही. रबरवर (पिचर पाय ठेवतो त्या पट्टीवर) पाय असताना चेंडू हातातून सुटला की बॉक. तुमच्या खानापूरच्या पावसात ओला होऊन निसटला तरी सुटका नाही.

रनरला बाद करायला फर्स्टला फेकतानाही आकडा नाहीच. पाऊल ‘थेट’ बेसकडे पडायला हवं, अंश किती ते लिहिलेलं नाही. बरेच पंच होम (बॅटर उभा असतो ती जागा) आणि बेस यांच्यामध्ये ४५ अंशांची रेघ मनात धरतात. ती रेघ कुणाची इकडे, कुणाची तिकडे, म्हणून भांडणं होतात की ओ!

पोराला सांगा, हात जुळले की मनात ‘एक’ म्हणायचं, मग पाय उचलायचा. मी बेसपाशी उभा असतो तेव्हा त्याचा पुढचा गुडघा बघतो, तोंड नाही.

प्रश्न (निपाणी): बेसवर कुणीच नसेल तर बॉक होतो का?

उत्तर: नाही. फसवायचं कुणाला? नियम मोडून पिच टाकलाच, तर बॅटरच्या खात्यात एक ‘बॉल’, म्हणजे चुकीच्या पिचची नोंद.