पार-फोर वाचायचे ते ग्रीनकडून

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न गोल्फच्या पार-फोर होलांबद्दल, म्हणजे चार फटक्यांत पुरे करायच्या होलांबद्दल आहेत. पार ७२ च्या (एकूण ७२ फटक्यांच्या) ठरावीक कोर्सवर १८ पैकी १० होल पार-फोर असतात, त्यामुळे नवल वाटायला नको.

प्रश्न : आमच्या क्लबात ज्या पार-फोरवर सर्वांत जास्त बोगी (पारपेक्षा एक फटका जास्त) होतात, त्यालाच सगळे उत्तम होल म्हणतात. हे बरोबर आहे का?

नाही. होल अवघड करणे फार सोपे असते. टी (पहिल्या फटक्याची जागा) ४० यार्ड मागे न्या, फेअरवे (मधला कापलेल्या गवताचा पट्टा) आवळा, ग्रीनसमोर (झेंड्याभोवतीच्या बारीक गवतासमोर) तळे खणा, की स्कोअर वाढलाच. पण असल्या होलवर चांगला खेळाडू आणि साधा खेळाडू एकाच वाटेने जातात. एक सरळ मारतो, दुसरा वाकडा, एवढाच फरक. विचार करण्यासारखे तिथे काही नसते.

उत्तम पार-फोरमध्ये पहिला फटका कुठे पडला यावर दुसऱ्या फटक्याची सोपेपणाची पातळी ठरते, आणि ती सोयीची जागा मिळवायला काहीतरी धोका पत्करावा लागतो. पार-थ्रीमध्ये टीवरून एकदा नेम धरला की झाले. पार-फाइव्हमध्ये ड्राइव्ह (टीवरचा लांब फटका) बिघडला तरी सावरायला मधला फटका हाताशी असतो. पार-फोरमध्ये अशी उसंत नाही. म्हणून कोर्स आखणाऱ्याची खरी कसोटी इथे लागते.

तुमच्या होलची परीक्षा अशी करा. आधी टीकडे जाऊच नका, ग्रीनच्या मध्यावर उभे राहून मागे पाहा. कोणत्या बाजूने ग्रीनचे तोंड उघडे आहे? कोणत्या बाजूने आलेला चेंडू चढावर पडून थांबेल आणि कोणत्या बाजूने आलेला उतारावर पडून घसरत जाईल? समजा ग्रीनची उजवी कड उंच आहे आणि उतार डावीकडे आहे. मग फेअरवेच्या डाव्या कडेवरून मारलेला फटका चढावर येतो आणि थांबतो. आता चालत त्या डाव्या कडेपर्यंत जा. तिथे पोहोचू पाहणाऱ्याला अडवायला काही आहे का? बंकर (वाळूचा खड्डा), हद्दीची भिंत, ओढा, काहीही चालेल. काहीच नसेल तर ती जागा फुकट मिळते आणि ड्राइव्हला अर्थ उरत नाही. शेवटी टीवर जा आणि हे सगळे तिथून दिसते का ते पाहा.

खात्री करायची असेल तर झेंड्यापासून १५० यार्डांवर फेअरवेच्या दोन्ही कडांवरून दहा-दहा चेंडू मारा आणि प्रत्येक चेंडू कपापासून (झेंड्याच्या भोकापासून) किती लांब थांबला ते लिहून ठेवा. दोन्हीकडचे आकडे जवळपास सारखेच आले, तर होल नुसते लांब किंवा अवघड आहे.

याचे सगळ्यांना ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सचे १७ वे, रोड होल. २०१० साली ४० यार्ड वाढवल्यापासून ते ४९५ यार्डांचे आहे. ड्राइव्ह उजवीकडे, हॉटेलच्या आवारातल्या शेडच्या कोपऱ्यावरून मारायचा; जितका उजवीकडे, तितका चेंडू हद्दीबाहेर जाण्याचा धोका जास्त. पण तिरके, अरुंद ग्रीन उघडते ते उजवीकडूनच. डावीकडे सुरक्षित मारलात तर पुढच्या फटक्यात रोड बंकर आडवा येतो आणि ग्रीनच्या पलीकडे रस्ता व दगडी भिंत. रस्ता कोर्सचाच भाग आहे, चेंडू तिथे गेला तर आहे तसाच मारावा लागतो. १९७८ च्या ओपनमध्ये (ब्रिटिश ओपन स्पर्धेत) जपानचे टॉमी नाकाजिमा दोन फटक्यांत ग्रीनवर होते. त्यांचा पट (ग्रीनवर चेंडू लोटण्याचा फटका) उतारावरून घरंगळत त्या बंकरमध्ये गेला, बाहेर पडायला चार फटके लागले आणि होलवर ९ झाले. बंकर लहानसाच आहे, पण आजूबाजूची जमीन चेंडू त्याच्याकडे वळवते. बंकर नकाशावर केवढा दिसतो याला फारसे महत्त्व नाही. कितीशा भागातला चेंडू तो ओढून घेतो ते मोजायचे.

प्रश्न : फेअरवे रुंद ठेवला तर होल सोपे होणार नाही का?

ड्राइव्ह सोपा होईल, होल सोपे होईलच असे नाही. हिशेब करून पाहा. झेंड्यापासून १५० यार्डांवर फेअरवे ५० यार्ड रुंद असेल, तर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर गेल्यावर ग्रीनकडे पाहण्याचा कोन सुमारे १९ अंशांनी बदलतो. तोच फेअरवे २८ यार्डांवर आणला की हा फरक ११ अंशांच्याही आत येतो. म्हणजे चेंडू फेअरवेवर डावीकडे असला काय आणि उजवीकडे असला काय, दुसरा फटका जवळपास तोच. फेअरवे आवळणारी समिती बहुधा स्वतःच्याच ग्रीनची खुबी मारून टाकते.

कोनाला एवढे महत्त्व का, तेही सांगतो. ग्रीन ३४ यार्ड लांब आणि १२ यार्ड रुंद धरा. लांबीच्या रेषेत आलात तर चेंडू थांबवायला ३४ यार्ड मिळतात. ४५ अंशांतून आलात तर १७, आणि थेट आडवे आलात तर १२. दीडशे यार्डांवरून अंतराचा अंदाज सात-आठ यार्डांनी चुकणे रोजचेच आहे. ३४ यार्डांत ती चूक पोटात जाते, १२ यार्डांत बंकरमध्ये.

प्रश्न : डॉगलेगवर (मध्येच वळणाऱ्या होलवर) कोपरा कापून मारण्यात खरोखर किती फायदा असतो?

अंतराचा फायदा वाटतो त्याहून कमी. कोपऱ्यापर्यंत २४० यार्ड, तिथून ४० अंशांचे वळण आणि पुढे १६० यार्ड, असे ४०० यार्डांचे होल घ्या. टीपासून ग्रीनपर्यंतची सरळ रेष ३७७ यार्डांची भरते. अगदी पूर्ण कोपरा कापूनही वाचतात २३ यार्ड, म्हणजे फार तर दोन क्लबांचा (खेळायच्या काठ्यांचा) फरक. तेवढ्यासाठी झाडांवरून मारायचे का, हे प्रत्येकाने आपल्या क्लबशी बोलून ठरवावे!

चांगल्या डॉगलेगवर खरा सौदा कोनाचा असतो. कधी आतली कड जवळची आणि कोनही तिकडूनच चांगला; मग आत बंकर हवाच. कधी आतून गेल्यास अंतर कमी पण ग्रीन आडवे, आणि बाहेरून गेल्यास अंतर जास्त पण ग्रीन उघडे. दुसरा प्रकार आम्हाला जास्त आवडतो, कारण त्यात दोन्ही उत्तरे बरोबर असू शकतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑलिंपिक क्लबच्या लेक कोर्सवर ४ थ्या आणि ५ व्या होलला वळण एका बाजूला आणि जमिनीचा उतार उलट बाजूला आहे. तिथे सरळ मारलेला चेंडूही बाहेर घरंगळतो. फटक्याला वळण द्यावेच लागते.

आतल्या कोपऱ्यावर उंच झाडांची भिंत आणि बाहेर दाट रफ (वाढू दिलेले गवत), हे सगळ्यांत कंटाळवाणे डॉगलेग. सगळ्यांचे चेंडू एकाच दहा यार्डांच्या चौकोनात येऊन पडतात.

प्रश्न : ३०० यार्डांचे पार-फोर म्हणजे लांब मारणाऱ्यांची करमणूक, असे माझे मत आहे. तुमचे?

वाईट आखणी असेल तर तुमचे मत बरोबर. पण आमच्या मते छोटे पार-फोर हाच आखणीचा सर्वांत बारीक प्रकार आहे. वरचाच हिशेब पुढे नेऊ : ८० यार्डांवर ५० यार्ड रुंद फेअरवेच्या दोन कडांमध्ये कोनाचा फरक जवळजवळ ३५ अंशांचा होतो. ग्रीन जितके जवळ, तितकी बाजू चुकणे महाग.

लॉस एंजेलिसच्या रिव्हिएरा क्लबचे १० वे होल जॉर्ज थॉमस यांनी १९२० च्या दशकात आखले. लांबी ३१५ यार्ड. आजचे व्यावसायिक खेळाडू सहज तेवढे मारतात, तरी ड्राइव्हर (सर्वांत लांब मारणारा क्लब) काढायचा की आयर्न (कमी अंतराचा, नेमका क्लब) यावर त्यांचे अजून एकमत नाही. ग्रीन अरुंद आणि तिरके आहे, बंकरांमध्ये कोंडलेले, आणि ते उघडते डावीकडून. उजवीकडे पडलेला चेंडू ग्रीनच्या अगदी जवळ असला तरी बंकरवरून उचलून मारावा लागतो, आणि ज्या जमिनीवर तो पडतो ती त्याला थांबवत नाही. जवळ जाऊन फसण्यापेक्षा ८० यार्ड मागे पण डावीकडे राहिलेला बरा. रॉयल मेलबर्नच्या वेस्ट कोर्सचे १० वे होलही सुमारे ३०० यार्डांचे. ते डावीकडे वळते आणि कोपऱ्यावर टेकडीत खोदलेला प्रचंड बंकर आहे. थेट ग्रीनकडे जायचे तर त्याच्यावरूनच.

छोट्या होलवर एकच पथ्य : ड्राइव्ह चुकला तर चारऐवजी पाच-सहा व्हावेत, पण चेंडू हरवू नये. ग्रीनच्या दोन्ही बाजूंना पाणी ठेवले की विचार संपतो, सगळे आयर्न काढतात आणि होल मरते.

प्रश्न : मी टीवरून जेमतेम १९० यार्ड मारतो. ४०० यार्डांच्या होलवर ही सगळी कोनांची चर्चा माझ्या काय कामाची?

त्या टीवरून खेळत राहाल तर काही नाही. २५० यार्ड मारणाऱ्याला दुसरा फटका १५० यार्डांचा उरतो, तुम्हाला २१० यार्डांचा, म्हणजे तुमच्या ड्राइव्हहूनही लांब. तुमचा फटका त्याच्या ७६ टक्के आहे, तेव्हा तेच होल तुमच्यासाठी ४०० च्या ७६ टक्के, म्हणजे ३०४ यार्डांचे असायला हवे. मग तुम्हाला ११४ यार्ड उरतात आणि बॅगेतून बहुधा तोच क्लब निघतो. क्लबने पुढची टी कुठे बांधावी, याचा हाच हिशेब. जागतिक हँडिकॅप (खेळाडूची पातळी ठरवण्याच्या) पद्धतीत पुरुषांचे पार-फोर साधारण २४० ते ४९० यार्डांचे आणि महिलांचे २०० ते ४२० यार्डांचे धरले आहे, तेव्हा ३०४ यार्ड म्हणजे कमीपणा मुळीच नाही.

बंकरही अशाच विचाराने बसवतात. फेअरवेला काटकोनात, सगळे २३० यार्डांवर, अशी रांग लावली तर ती एकाच प्रकारच्या खेळाडूला छळते. तीच रांग १९० पासून २४० यार्डांपर्यंत तिरकी लावा, म्हणजे प्रत्येकाला झेपेल तेवढी कड ओलांडता येते. कोर्स आखणारे ॲलिस्टर मॅकेन्झी यांनी १९१४ साली 'कंट्री लाइफ' नियतकालिकाची दोन फटक्यांच्या होलच्या आराखड्याची स्पर्धा जिंकली, ती निरनिराळ्या ताकदीच्या खेळाडूंसाठी वेगवेगळ्या वाटा ठेवूनच. न्यूयॉर्कजवळच्या लिडो कोर्सवर त्या आराखड्यावरून १८ वे होल बांधले गेले. तो मूळ कोर्स दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गेला.

प्रश्न : आमचे ७ वे होल एके काळी नावाजलेले होते. कुणीच काही बदललेले नाही, तरी आता ते सपक वाटते. काय झाले असेल?

कुणी बदलले नाही, म्हणजे ते आपोआप बदलले. तीन गोष्टी तपासा.

पहिली, ग्रीन आकसले आहे का? कापणी करणारा कड खरवडू नये म्हणून दर वेळी किंचित आतून वळतो, आणि वर्षानुवर्षांत कडेचा पट्टा रफमध्ये जातो. ५०० चौरस मीटरचे गोल ग्रीन सगळीकडून एक मीटरने घटले तर सुमारे ४२४ उरते. जे जाते ते नेमके कोपरे, बंकरांमागच्या झेंड्याच्या जागा. आणि त्या जागांमुळेच तर ड्राइव्हची बाजू महत्त्वाची ठरत होती. जुनी कड शोधायला नळीने मातीचे नमुने काढा : सध्याच्या ग्रीनच्या मध्यापासून बाहेर, दर अर्ध्या मीटरला एक. वरून टाकलेल्या वाळूचा जाड थर जिथे एकदम संपतो, तिथे जुनी कड. जुने हवाई छायाचित्र मिळाले तर ताडून पाहा. मग कापणीची उंची एकदम न उतरवता काही आठवड्यांच्या अंतराने मिलिमीटर-मिलिमीटरने खाली आणा, सोबत भोके पाडून वाळू भरा. घाई केली तर कड टक्कल पडल्यासारखी उघडी होते. गवताची जात वेगळी असेल तर मात्र ते उचलून नवे लावण्याला पर्याय नाही.

दुसरी, फेअरवे आणि बंकर यांच्यामध्ये रफचा पट्टा आला आहे का? पूर्वी बंकरकडे घरंगळणारा चेंडू आता त्या पट्ट्यात अडकतो. बंकर दिसतो, पण काम करत नाही. फेअरवेची कापणी पुन्हा बंकरच्या ओठापर्यंत न्या. खर्च जवळजवळ शून्य. झाडेही पाहा. तीस वर्षांपूर्वी शोभेसाठी लावलेल्या रोपांचा घेर आता दहा-बारा मीटर झालेला असतो, आणि सोयीच्या बाजूची रेष त्यानेच बंद केलेली असते.

तिसरी आणि बहुतेक ठिकाणी खरी दोषी गोष्ट म्हणजे पाणी. सात नंबरच्या आयर्नचा चेंडू पडल्या जागी खड्डा करून थांबत असेल, तर ग्रीन फार मऊ आहे. मऊ ग्रीनवर डावीकडून मारा, उजवीकडून मारा, रफमधून मारा, चेंडू थांबतोच. पाणी कमी करण्याआधी वाळू भरणे आणि निचरा सुधारणे करा, नाहीतर गवत जळेल आणि सगळे तुमच्या नावाने बोटे मोडतील.

प्रश्न : ग्रीन दिसतच नसेल असे पार-फोर चांगले म्हणावे का?

एका कोर्सवर एखादे असेल तर जरूर. स्कॉटलंडमधल्या ज्या प्रेस्टविकवर १८६० साली पहिली ओपन झाली, तिथले १७ वे होल 'आल्प्स' असेच आहे. दुसरा फटका वाळूच्या टेकडीपलीकडे मारायचा, आणि टेकडीमागे ग्रीनच्या अलीकडे 'सहारा' नावाचा मोठा बंकर. टेकडी चढून एकदा पाहून यावे आणि मग डोळ्यांऐवजी आठवणीवर भरवसा ठेवावा, यात मजा आहे. मात्र नेम धरायला टेकडीवर खूण हवी, आणि पुढच्या गटाने ग्रीन सोडले हे कळायला घंटा.