नक्कल करा, पण मागे नाव लिहा

चित्र काढायला शिकताना दुसऱ्याची नक्कल करावी का, कॉपीराइटचं काय, असं विचारलंत. सुरुवातीला नक्कल कराच, हात त्यानेच बसतो. व्हॅन गॉगनेही १८८७ मध्ये जपानी चित्रकार हिरोशिगेचं पावसातल्या पुलाचं ठसेचित्र तैलरंगात उतरवलं होतं. फक्त कागदामागे 'अमक्यावरून, सराव' आणि तारीख टाका. नाहीतर वर्षभराने आपलं कुठलं नि उचललेलं कुठलं, तुम्हालाच कळणार नाही.

सोलापुरात बसून वारली काढताना नेहमी होणाऱ्या चुका:

– मोबाईलवरची आकृती ट्रेस करणं. त्यापेक्षा गेरूवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीचं टोक ठेचून, दोन त्रिकोणांची ५० माणसं काढा. टोकं भिडतात ती कंबर. ती जाड झाली की माणूस नाचत नाही, ठोकळा होतो.
– लग्नाचा चौक, म्हणजे वारली लग्नात भिंतीवर काढतात ती चौकट, उशीच्या अभ्र्यावर छापणं. तो त्यांच्या पालघाट देवीचा, नुसती नक्षी नव्हे. सरावाला तारपा नाच, म्हणजे तारपा या वाद्याभोवतीचा गोल नाच, घ्या.
– विकताना 'अस्सल वारली' म्हणणं. त्या कलेला भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे मूळ प्रदेशाशी बांधलेलं नाव) आहे, आपल्या सोलापुरी चादरीसारखंच!

कॉपीराइटचं नंतर बघू. आधी जॅकार्डचा, म्हणजे मागावर नक्षी विणण्यासाठी वापरतात तो चौकटींचा ग्राफ पेपर आणा. त्यावर तिरकी रेघ पायऱ्यापायऱ्यांनी चढते. त्याच पायऱ्यांतून सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतले सात नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच सजवलेल्या काठ्या, काढून बघा.