कायरोप्रॅक्टिकचं कॉलेज निवडताय? आधी हे बघा

कायरोप्रॅक्टिक म्हणजे मणका आणि सांधे हाताने दाबून-हलवून करायचे उपचार. ते शिकायचं तर पहिला प्रश्न कॉलेजचा नाहीच: शिकून झाल्यावर प्रॅक्टिस कुठे करणार? परवाना तिथल्या कायद्याने मिळतो. त्या ठिकाणच्या परवाना मंडळाला तुमच्या कॉलेजची पदवी चालते का, हे मंडळालाच लेखी विचारा. नुसत्या माहितीपत्रकावर विसंबणं ही नवख्यांची नेहमीची चूक.

मग क्लिनिक. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या मार्गदर्शक सूचनांत पूर्णवेळ शिक्षणाचे किमान ४,२०० तास धरलेत, त्यांत १,००० तास देखरेखीखाली रुग्ण हाताळण्याचे. त्यामुळे शनिवार-रविवारच्या सर्टिफिकेट कोर्सच्या नादी लागू नका. माणसाच्या मानेला हात लावायचाय, तिथे अर्धवट शिक्षण चालत नाही.

शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठून विचारा:
- पुरेसे रुग्ण मिळतात, की ओळखीपाळखीचे आणून आकडा भरावा लागतो?
- कोणत्या रुग्णाला हात न लावता डॉक्टरकडे पाठवायचं, हे कितपत कसून शिकवतात? (माझ्या लेखी खरी पारख हीच.)

फीबरोबर राहण्याचा खर्च आणि कर्जाचा हप्ताही मांडा. वेगवेगळ्या तंत्रांचा वाद आत्ता बाजूला ठेवा. आधी शरीररचनाशास्त्र पक्कं करा.