सुपरचार्जरला बायपास घेऊ की ब्लो-ऑफ?
भाऊ, फुस्स आवाजासाठी ब्लो-ऑफ (जादा हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) घेतोयस ना, जरा थांब. सुपरचार्जर म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप, तो बेल्टवर फिरतो, इंजिन चालू म्हणजे तो पण चालू, तू ॲक्सिलरेटरवरून पाय काढून थ्रॉटल (हवेची झडप) बंद केला तरी तो हवा ढकलतच राहतो आणि ती कुठेतरी जायला पाहिजे. बायपास व्हॉल्व्ह तीच हवा परत सुपरचार्जरच्या आधी इनटेकला फिरवतो, लोड कमी, गरमी कमी, आणि आपल्या जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो तिथे हे लई मोठं काम आहे.

मास एअरफ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) ब्लोअरच्या म्हणजे सुपरचार्जरच्या आधी असेल तर ब्लो-ऑफ मोजलेली हवा बाहेर फेकतो, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल तेवढंच टाकतो, गाडी रिच होऊन (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) गचके देते. मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला हवेचा दाब मोजणारा) असेल तर ब्लो-ऑफ चालून जातं. रूट्स टाइप (दोन रोटरचा ब्लोअर) असेल, थ्रॉटल ब्लोअरच्या आधी, तर विषयच संपला, बायपासच.

माझ्या बायपासचा व्हॉल्व्ह उघडणारी व्हॅक्यूम नळी उन्हाने कडक होऊन टोकाला नखाएवढी चिरली होती, व्हॉल्व्ह उघडेचना, पाय काढला की नुसती फडफड, आणि मी व्हॉल्व्हच बदलायला निघालो होतो. तू नळी सिलिकॉनची घे, थ्रॉटलच्या पुढे मॅनिफोल्डवरून जोड अन् क्लिप नीट आवळ. सेन्सर कोणता आहे ते बघून सांग, मग व्हॉल्व्हची साइज ठरवू.