पेनड्राइव्ह लावताच उघडावा, पण चालू नये

प्रश्न : नवी पेठेत मी डीटीपीचं छोटं दुकान चालवते. जुन्या कॉम्प्युटरवर पुतण्याने विंडोजऐवजी लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकून दिली. मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही मजकूर नीट येतात. पण गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह लावला की आपोआप उघडत नाही, बाजूच्या यादीत शोधून क्लिक करावं लागतं. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत हँडबिलांची गर्दी असते, तेव्हा फार खोळंबा होतो. आपोआप उघडेल असं केलं तर व्हायरस शिरेल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, खुशाल करा. क्लिक केल्यावर उघडतो, म्हणजे कर्नलने, लिनक्सच्या गाभ्याने, पेनड्राइव्ह ओळखला आहे आणि तो जोडून देणारं युडिस्क्सही ठीक आहे. फक्त लावल्याबरोबर युडिस्क्सला हाक मारणारं कुणी नाही. एक्सएफसीईत ते काम थुनार या फाइल मॅनेजरच्या जोडीचा थुनार-व्होलमन करतो. तो नसेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्या. मग थुनारच्या प्रेफरन्सेसमध्ये ॲडव्हान्स्डखाली व्हॉल्यूम मॅनेजमेंट चालू करा आणि तिथल्या कॉन्फिगरवर जा. माउंटच्या दोन्ही खुणा आणि ब्राउजची खूण करा. एकदा लॉगआउट करून परत या, कारण थुनार मागे सतत चालू असावा लागतो.

त्याच खिडकीत ऑटो-रन आणि ऑटो-ओपन अशाही दोन ओळी आहेत. त्यांना हात लावू नका. व्हायरसची तुमची भीती खरी आहे, पण ती या दोन ओळींबद्दल हवी. माउंट म्हणजे फाइली नुसत्या समोर मांडणं. ऑटोरन म्हणजे पेनड्राइव्हवरचा प्रोग्रॅम न विचारता चालू होणं. २००८ मध्ये आलेला कॉनफिकर हा घातक प्रोग्रॅम विंडोजच्या ऑटोरनमधूनही पसरला. शेवटी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजवरही पेनड्राइव्हपुरती ही सोय अपडेट देऊन बंद केली. दिवसभर परक्यांचे पेनड्राइव्ह हाताळणाऱ्या दुकानात ती चालू ठेवणं मला मुळीच मान्य नाही.

‘माझ्या फाइली गेल्या, नुसते शॉर्टकट उरले’ म्हणत कुणी आलं तर तो पेनड्राइव्ह तुमच्याकडे लावून बघा. व्हायरसने विंडोजमध्ये लपवलेली फोल्डरं लिनक्सवर बहुधा सरळ दिसतात, कधी नाव नसलेल्या एखाद्या फोल्डरच्या पोटात. गिऱ्हाइकाचा जीव भांड्यात पडेल.

काढताना मात्र घाई नको. कॉपी झाल्याची पट्टी गेली तरी काही मजकूर अजून मेमरीतच असतो, पेनड्राइव्हवर उतरलेला नसतो. लग्नपत्रिकेची फाइल अर्धवट गेली तर छापखान्यातच कळणार. थुनारमध्ये नावाशेजारच्या इजेक्टच्या खुणेवर क्लिक करा, काढायला हरकत नाही असा संदेश येईपर्यंत थांबा, मगच तो गिऱ्हाइकाच्या हातात द्या.