उतार सुरू होण्याआधी

अनेक आशीर्वाद.

हेवी लायसन्स हातात पडलं आणि येत्या महिन्यात दहा चाकी गाडी तुझ्या ताब्यात येणार, हे तुझ्या आईकडून कळलं. फार बरं वाटलं. टेम्पोवर तुझा हात छान बसलाय, मी स्वतः पाहिलंय. पण भरलेली दहा चाकी वेगळी वागते. तिचं वागणं समजेपर्यंत तुला आणि रस्त्यावरच्या इतरांना काही होऊ नये, एवढ्यासाठी हे लिहितोय. फोनवर सांगितलेलं विसरतं, म्हणून कागदावर.

कोल्हापूरहून साखर भरायची आणि नवी मुंबईत उतरवायची, अशी तुझी लाइन आहे असं समजलं. म्हणजे खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यावरचा उतार, कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार आणि शेवटी बोरघाट, हे तिन्ही तुला भरलेल्या गाडीने उतरायचे आहेत. चढताना गाडी फार तर दमेल, तापेल, उभी राहील. माणसं मरतात ती उतारावर. म्हणून आधी उताराचं सांगतो.

नवले पुलाचा उतार घाटासारखा दिसत नाही, तिथेच तो फसवतो. रस्ता रुंद आहे, बराचसा सरळ आहे, समोर पुण्याचे दिवे दिसतात आणि आता पोचलोच असं वाटतं. 20 नोव्हेंबर 2022 च्या रविवारी रात्री याच उतारावर एका मालवाहू गाडीने सुमारे 48 गाड्यांना ठोकरलं. चालकाने डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडली होती, असं पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आलं. हे तो एकटाच करत नव्हता. तुलाही ढाब्यावर कुणीतरी जुना माणूस सांगेल, की बोगद्यातून बाहेर आलं की न्यूट्रल मार, पुलापर्यंत फुकट जातोस, ॲव्हरेज वाढतं. त्याचं वय बघून मान दे, पण हे ऐकू नकोस.

कारण समजून घे, म्हणजे मोह होणार नाही. आताच्या गाड्यांत तू गियरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढलास की इंजिनकडे जाणारं डिझेल जवळपास बंदच होतं. चाकं इंजिनला फिरवत असतात आणि तेच इंजिन गाडीला मागे ओढून धरतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतं. म्हणजे वाचत काहीच नाही, उलट थोडं जातं. आणि इंजिनच बंद केलंस तर ब्रेक ज्या दाबाच्या हवेवर चालतात, ती भरणारा कॉम्प्रेसर थांबतो. टाकीत उरली तेवढीच हवा तुझी. दर ब्रेकला ती कमी होत जाते आणि भरणारं कुणी नसतं. स्टिअरिंग दगडासारखं जड होतं, ते वेगळंच.

आता ड्रमचं बघ. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारं लोखंडी भांडं, आणि ब्रेक दाबल्यावर त्याला आतून घासते ती पट्टी म्हणजे लायनर. 2018 पासून तीन ॲक्सलच्या, म्हणजे तुझ्या दहा चाकी गाडीला मालासकट 28.5 टनांची परवानगी आहे. एवढं वजन 100 मीटर उंचीवरून खाली आणून थांबवायचं तर जी उष्णता तयार होते, तिच्यात जवळजवळ 90 लिटर पाणी उकळेल. बोरघाटात खंडाळ्यापासून खोपोलीपर्यंत उंचीतला फरक याच्या चौपटीहून जास्त आहे. ही सगळी उष्णता तू इंजिनवर टाकली नाहीस, तर ती लायनर आणि ड्रममध्येच जाते. तापलेला ड्रम फुगतो, त्यामुळे लायनरला त्याच्यापर्यंत पोचायला जास्त अंतर कापावं लागतं. लायनरची पकडही तापल्यावर कमी होते. पाय खाली जातो, हवा भरपूर असते, हवेच्या दाबाचा काटा ठीक दाखवतो, आणि गाडी थांबत नाही. मग माणूस हँडब्रेक ओढतो. पण हँडब्रेकच्या स्प्रिंगासुद्धा त्याच तापलेल्या ड्रमवर काम करतात. तिथे वेगळा ब्रेक कुणी ठेवलेला नसतो.

म्हणून गियर उतार सुरू होण्याआधी पाड. अर्ध्या उतारावर वेग वाढल्यावर खालचा गियर टाकायला गेलास तर तो पडणार नाही, वरचा निघालेला असेल, आणि न मागता तू न्यूट्रलमध्ये येशील. जुने लोक सांगायचे, ज्या गियरमध्ये घाट चढतोस त्याच गियरमध्ये उतर. नव्या ताकदवान इंजिनांना हे पुरत नाही. ती वरच्या गियरमध्येही सहज चढतात. तू त्याच्याही खालचा गियर धर. इंजिनचा धूर अडवून गाडी रोखणारा एक्झॉस्ट ब्रेक लावून ठेव. पायाचा ब्रेक सारखा दाबून ठेवू नकोस आणि पंपही करू नकोस. वेग ठरवलेल्या आकड्याच्या वर गेला की एकदा नीट दाबून पाच-सात किलोमीटरने खाली आण, मग पाय पूर्ण काढ आणि ड्रमला श्वास घेऊ दे. पाटीवर लिहिलेला वेग हा रिकाम्या गाडीचाही असतो, हे लक्षात ठेव. 40 चे 60 केलेस तर थांबवायला लागणारी ताकद दीडपट होत नाही, सव्वादोन पट होते. 80 ला ती चौपट.

मागून हॉर्न वाजतील. वाजू देत. डाव्या लेनमध्ये तू तुझ्या वेगाने चाल.

हे सगळं ब्रेक मुळात चांगले आहेत असं धरून सांगितलं. ते चांगले आहेत का, हे रोज निघण्याआधी तुझं तुलाच बघायचंय, क्लीनर असला तरीही. इंजिन चालू करून हवा पूर्ण भरू दे, काटा आठ बारच्या आसपास आला की इंजिन बंद कर आणि मिनिटभर ब्रेक दाबून धर. काटा उतरताना दिसला तर कुठेतरी हवा गळतेय. खिडकी उघडी ठेवलीस तर फुसफुस ऐकूही येईल. गळती सापडल्याशिवाय निघायचं नाही. टाकीखालचा ड्रेन कॉक उघडून पाणी सोड, पावसाळ्यात तर रोज. तेच पाणी व्हॉल्व्हमध्ये जाऊन ब्रेक अडवतं. मग टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घेऊन गाडीभोवती फेरी मार. टायर ठोकलास की आवाजावरून हवा कळते, ते तुला येतंच. जोडचाकांच्या मध्ये अडकलेला दगड काढ, तो वेगात सुटला तर मागच्या गाडीची काच फोडून आत जातो. व्हील नटजवळ गंजाचा ताजा ओघळ दिसला तर नट ढिला आहे. आणि वाटेत चहाला थांबलास की प्रत्येक हबजवळ हाताची मागची बाजू ने, टेकवू नकोस. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा फार गरम लागलं तर तिथला ब्रेक चिकटतोय किंवा बेअरिंग जातंय. ही एक सवय तुला किती वेळा वाचवेल, ते तुला कळणारही नाही.

पासिंग, म्हणजे आरटीओची तपासणी, झालेलं आहे म्हणजे गाडी ठीक आहे, असं समजू नकोस. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दोन वर्षांतून एकदा पासिंग असतं. लायनर त्याच्या कितीतरी आधी संपतात.

आता उभ्या गाडीचं. हा भाग मला सगळ्यात जास्त टोचतो, कारण यात मरणारा माणूस तुला दिसतसुद्धा नाही. रात्री टायर बसला, गाडी कडेला घेतली, अर्धा हौदा रस्त्यावर, मागचे दिवे चिखलाने माखलेले. मागून 100 च्या वेगाने येणारी कार सेकंदाला 28 मीटर येते. साध्या दिव्यात तिला तुझ्या हौद्याचा मागचा फाळका दिसतो तेव्हा हातात जेमतेम दोन सेकंद उरलेले असतात. हौद्याची कड कारच्या काचेच्या उंचीला येते, त्यामुळे कारचं बॉनेट, एअरबॅग, कशाचाच उपयोग होत नाही. मागचा गार्ड त्यासाठीच असतो. तो वाकलेला असेल, मालकाने माल उतरवायला अडतो म्हणून काढून ठेवला असेल, तर आधी तो बसवून घे. लाल चकाकती पट्टी मागे, पिवळी बाजूला, पांढरी पुढे. संध्याकाळी दिवे लावण्याआधी मागचे दिवे आणि पट्ट्या फडक्याने पूस. दोन मिनिटांचं काम आहे.

गाडी बंद पडलीच तर शक्य तेवढी रस्त्याबाहेर घे, चारी इंडिकेटर लाव, आणि त्रिकोण घेऊन निदान पन्नास पावलं मागे चालत जा. वळण असेल तर त्रिकोण वळणाच्या अलीकडे. झाडाची फांदी ठेवून भागवू नकोस. चाकाला लावायला लाकडी ठोकळे स्वतःजवळ बाळग. दगड लावलेस तर निघताना उचल. रात्री रस्त्यात राहिलेल्या तसल्या दगडावर मोटारसायकलवाला जातो आणि तो कुणी ठेवला हे कधीच कळत नाही.

हंगामात, दिवाळीनंतर, कोल्हापूर-साताऱ्याच्या पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्या उभ्या असतात, पुष्कळदा बिनदिव्याच्या. उसाचं टोक ट्रॉलीच्या बाहेर दोन-दोन हात. तिथे अंधारात वेग कमी ठेव, आणि दिसलेला प्रत्येक मिणमिणता दिवा ट्रॅक्टरचा आहे असंच धर.

देशात 2022 साली रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली. त्यातली 44 टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची होती. तुझ्या केबिनच्या डावीकडे आणि बंपरच्या अगदी पुढे जी जागा आरशात येत नाही, तिथे हेच लोक असतात. डावीकडे वळताना एकदा आरसा बघून भागत नाही. थांब, क्लीनरला मान बाहेर काढायला लाव, मग वळ. पुढच्या गाडीने खांब ओलांडला की मनात सावकाश चार आकडे मोज, तेवढं अंतर राहू दे, पावसात आठ. त्या जागेत कारवाले घुसतील. घुसले की परत मागे हो. दिवसभरात त्याने फार तर पाच-दहा मिनिटं जातात.

झोपेचं तू ऐकून घेशील, पण पाळशील का, याची मला काळजी आहे. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात चालकाला दिवसाचे आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती लिहिलेली होती. आपल्या धंद्यात हे किती पाळलं जातं ते तुलाही ठाऊक आहे. पहाटे दोन ते पाच शरीर स्वतःहून बंद पडायला बघतं. तंबाखू, चहा, गाणी यांनी डोळे उघडे राहतात, मेंदू नाही. मागचे दोन किलोमीटर कसे गेले हे आठवत नसेल तर पुढच्या पेट्रोल पंपावर गाडी आत घे आणि झोप. हायवेच्या कडेला नाही.

आता मालकाशी कसं बोलायचं ते. अवघड आहे, कारण पगार तो देतो. "या खेपेला चार टन जास्त घे, वजनकाटा मी बघतो," असं तो म्हणेल. काटा तो बघेल, उतार तुलाच बघावा लागेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 नुसार जादा वजनाला 20,000 रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000. मालकाला जीव-बीव सांगू नकोस, हा हिशेब सांग, तो लवकर पटतो. गाडीतली प्रत्येक खोट त्याच दिवशी तारखेसह व्हॉट्सॲपवर लिहून पाठव: "मागचे लायनर संपत आलेत, बदलल्याशिवाय घाट उतरवणार नाही." तोंडी सांगितलेलं उद्या कुणी मान्य करत नाही. आणि तरीही त्याने ऐकलं नाही तर किल्ली ठेवून ये. मी हे सहज लिहीत नाहीये. घरचा हप्ता, बहिणीचं शिक्षण, सगळं मला माहीत आहे. चालकांची सगळीकडे टंचाई आहे, दुसरी गाडी मिळेल. तोवर महिना-दोन महिने मी बघेन.

शेवटचं, अपघात झालाच तर. चूक कुणाचीही असो, जखमीला मदत मिळवून देणं त्याच मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 प्रमाणे तुझ्यावर बंधनकारक आहे. 108 ला रुग्णवाहिका, 112 ला पोलीस, राष्ट्रीय महामार्गावर 1033. हे आकडे स्टिअरिंगसमोर चिकटवून ठेव. त्या वेळी काही आठवत नाही. जमावाची भीती खोटी नाही, ती कायद्यालाही माहीत आहे. जमावाच्या रागामुळे थांबणं अशक्य झालं, तर तेवढी सूट त्याच कलमात आहे. पण ती पळून घरी जाण्याची सूट नाही. सरळ जवळच्या पोलीस ठाण्यात जा आणि काय झालं ते सांग. कायदा चोवीस तास देतो, तू चोवीस मिनिटंही घेऊ नकोस. फोन लगेच कर, कारण रस्त्यावर पडलेल्याला तासाभरात उपचार मिळाले तर पुष्कळदा तो वाचतो.

गाडी ताब्यात आली की माल भरण्याआधी मागच्या दोन्ही ॲक्सलचे ड्रम उघडून घे, मेकॅनिकच्या शेजारी उभा राहून. लायनर किती उरलेत, ड्रमला तडे आहेत का, लायनर आणि ड्रममधलं अंतर राखणारे स्लॅक ॲडजस्टर मोकळे फिरतात का, ते बघ आणि फोटो काढून मला पाठव. मालक म्हणेल, नुकतंच केलंय, तरी उघड. पहिली खेप कधीची ठरते ते कळव. रिकाम्या गाडीने एकदा खंबाटकी आणि नवले करून बघायचं असेल तर मी येतो, कात्रजला मला उचल.

तुझा,
काका